त्रेचाळीस मॉड आणि भूमिदेवाचा कौल

शिन्चू
शनिवार, ९ मार्च २०२४

आत्या,

काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. २४ फेब्रुवारीला, कंदिलांच्या सणाला, मी हूवेईला आले. माझा जुना संगणक तुझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर ‘धुक्याचं खोरं’ हा खेळ बसवला. खेळात डोंगरावरचा चहाचा मळा सांभाळायचा असतो.

२. मी सांगितलं, खेळातलं पहिलं वर्ष कुठलाही मॉड न लावता खेळ. मॉड म्हणजे इतर खेळाडूंनी फावल्या वेळात बनवलेली जोडणी. मूळ खेळ कळल्याशिवाय काय जोडायचं ते कळत नाही. तू “हो” म्हणालीस.

३. पुढे लागतील म्हणून तीन मॉडांची नावं कागदावर लिहून दिली. ‘मोठी अक्षरं’, ‘सोपी मासेमारी’, ‘पहाटतवा’. कागद फ्रिजवर चुंबकाने लावला.

४. २ मार्चला खेळात त्रेचाळीस मॉड होते.

५. माझ्या तिन्हींपैकी त्यात एकही नव्हता. गॉगल घातलेल्या कोंबड्या होत्या.

६. मॉडांची यादी तू वयाप्रमाणे लावलीस. सर्वांत जुना सर्वांत वर.

७. ५ मार्चला खेळ सुरू होईना. तू कळफलक व्हिनेगरने पुसलास.

८. त्याच दिवशी तू फोनवर “तुझं यंत्र मेलं” असं तीनदा म्हणालीस आणि ठेवून दिलास.

९. यंत्र मेलेलं नाही.

कुटुंबाच्या चॅट गटातून तू बाहेर पडली आहेस. (रोज सकाळी सहाला फुलांचं चित्र पाठवू नकोस, असं आ-श्युंग म्हणाला, हे मला माहीत आहे. मुलाने आईला असं सगळ्यांसमोर सांगायला नको होतं. चित्रं मात्र खरंच फार होती.) कामाच्या जागी मला फोन आत नेता येत नाही. म्हणून पत्र.

एकच प्रश्न. मॉड निवडताना तू कोणती पद्धत वापरलीस? ते कळल्याशिवाय दुरुस्ती करता येणार नाही.

यू-थांग


हूवेई
१४ मार्च

आ-थांग,

पत्र मिळालं. पत्र कसलं, पंचनामाच! पोस्टमन विचारत होता, कोर्टाचं का हो. म्हटलं, भाचीचं. तो म्हणाला, मग ठीक, दोन्हींत जेवलात का म्हणून विचारत नाहीत.

मी जेवले. तुला सांगून ठेवते, कारण तू विचारणार नाहीस.

आता तुझी पद्धत. त्या पानावर नऊ हजार मॉड आहेत. प्रत्येकाखाली शंभर माणसं भांडतायत. एक म्हणतो याच्याशिवाय खेळूच नका, दुसरा म्हणतो याच्यामुळे माझी म्हैस आकाशात गेली. नवीन माणसाने करायचं काय? मी वही घेतली, बरी वाटली ती नावं उतरवली आणि गल्लीच्या टोकाला भूमिदेवाकडे गेले. कौल लावला. शिन्चूत राहून विसरली असशील म्हणून सांगते. दोन लाकडी चंद्रकोरी हातात घ्यायच्या, देवाला आपलं नाव, जन्मवेळ, पत्ता सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि टाकायच्या. एक पालथी, एक उताणी, म्हणजे हो. दोन्ही पालथ्या, म्हणजे नाही. दोन्ही उताण्या, म्हणजे देव हसला. सलग तीनदा ‘हो’ आलं तरच मॉड बसवायचा. सून आणतानासुद्धा मी एवढं केलं नव्हतं, त्याची फळं आ-श्युंग भोगतोच आहे.

देवाला कोंबड्या आवडल्या, त्याला मी काय करू? ‘सोपी मासेमारी’ नको म्हणाला. बरोबरच आहे, मासा फुकट कुणी द्यायचा? ‘मोठी अक्षरं’ मी विचारलाच नाही. मी म्हातारी झालेय का?

यादी वयाने लावली, त्यात गुन्हा काय? पंगतीत वडीलधारी माणसं वर बसतात. कालचं पोर आधी बसवलं तर जुन्यांना काय वाटेल?

आणि तुझा तो पहाटतवा. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा देव हसला. सोमवारी भूमिदेवाचा वाढदिवस होता, तेव्हा पुन्हा विचारलं. मागे एकजण सासूच्या ऑपरेशनचं विचारायला ताटकळलेला आणि मी तव्यावर अडकलेली. पुन्हा हसला. मला तर वाटतं बरोबर हसला. त्यात म्हणे मळ्याच्या पायथ्याशी न्याहारीचं दुकान उघडतं. अगं, एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या फाटकाशी अंडा-पोळी भाजली. पावणेचारला उठून सोयादूध उकळलं. दुकान बंद होऊन वर्ष होत आलं, तिथे आता साबुदाण्याच्या गोळ्यांचा चहा विकतात, गुडघे माझे अजून कुरकुरतात. आणि तू मला खेळ म्हणून परत तेच देतेस? बुडता वाचलेल्याला होडी भेट द्यावी तसं.

शेवटच्या दिवशी सगळी गल्ली आली होती. तू कामावर होतीस. असो.

माझा मळा मला परत पाहिजे. तिसरा वसंत चालू होता. म्हशीचं नाव मी मुख्याध्यापक ठेवलंय आणि ती गाभण आहे. काहीतरी कर.

आत्या


शिन्चू
१९ मार्च

आत्या,

तुझा मळा सुरक्षित आहे. मुख्याध्यापकही. त्रेचाळीसपैकी ‘पाया’ नावाचा एक मॉड आहे. बाकीचे सगळे त्याच्यावर उभे राहतात, म्हणून तो आधी सुरू व्हावा लागतो. त्याच्या लेखकाने १ मार्चला नवी आवृत्ती काढली. त्यामुळे तुझ्या पंगतीत तो सर्वांत लहान ठरला आणि शेवटी बसला. आता त्याला माऊसने ओढून सर्वांत वर आण. जुन्यांना वाईट वाटणार नाही. तो स्वयंपाकी आहे असं समज. पंगत बसण्याआधी तोच येतो.

‘म्हशीला पंख’ आणि ‘खरीखुरी जनावरं’ यांतला एकच ठेव. दोन्ही असतील तर म्हशीने कुणाचं ऐकायचं ते ठरत नाही. व्हिनेगर नको.

आता पद्धतीबद्दल. सलग तीनदा ‘हो’ येण्याची शक्यता, चंद्रकोरी सरळ असतील तर, आठात एक आहे. त्रेचाळीस मॉड असे निवडायचे तर तुला साधारण साडेतीनशे विचारावे लागले असते. वहीच्या पानाचा फोटो तू दुकानातून छापून पाठवलास, त्यावर एकसष्ट नावं आहेत. म्हणजे आठ मॉड यायला हवे होते. एकतर चंद्रकोरींची एक बाजू झिजली आहे किंवा तू मोजताना ढिलाई केलीस. दुसरी शक्यता मला जास्त वाटते.

पहाटतव्याबद्दल. तो आकाराने लहान आहे, चार मेगाबाइट. तो ‘पाया’वर उभा राहत नाही, त्यामुळे क्रमाचा प्रश्न येत नाही. तो खेळातली कुठलीही जुनी गोष्ट बदलत नाही. मळ्याच्या पायथ्याशी आता जी रिकामी जागा आहे तिथे तो फक्त एक दुकान ठेवतो. तुला ते चालवावं लागत नाही. दुकान आपोआप चालतं. दुकानदारीण आहे. तू फक्त गिऱ्हाईक म्हणून जायचंस आणि बसायचंस. पावणेचारला उठायला लागत नाही. आत किती वेळ बसावं यावर बंधन नाही. तिथे काही खाल्लं तर ताकद वाढते वगैरे काही नाही, त्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. तो काढायचा असेल तर मागे काहीही न उरता काढता येतो. मी त्याची अकरा वेगवेगळ्या मॉडांबरोबर चाचणी घेतली आहे. तुझ्या कोंबड्यांबरोबरही घेतली. कोंबड्या दुकानात शिरतात, पण दुकानदारीण त्यांना हाकलते.

तो बसवण्याने कोणताही धोका नाही. एकदा आणखी विचारून पाहावंस.

यू-थांग

ता. क. जेवलीस का?


हूवेई
२५ मार्च

आ-थांग,

खेळ सुरू झाला! मुख्याध्यापकाला रेडकू झालं. मॉड पंखांचाच ठेवला. पंख ठेवायचे का हे देवाला विचारायला गेले तर गुरव लियाओ म्हणाला, “पी-श्या, देवाला कामं आहेत.” त्याला काय कामं? गल्लीत वीस-बावीस घरं आणि एक गॅरेज.

बरं, कबूल करते. कोंबड्यांना दोनदाच ‘हो’ आलं. तिसऱ्यांदा हातातून निसटल्या, म्हणून ती टाक धरली नाही. निसटलेली टाक कुणी धरतं का? आणि कपड्यांचे मॉड मी दोनाच्या गठ्ठ्याने विचारले. नंतर तीनाच्या. लियाओ म्हणाला, पंधरा टोप्यांचं एकदम विचारून टाक. तुझी ती आठात एकची गणितं तुझ्या कंपनीत ठेव. देवाला आकडे समजतात, तो दाखवत नाही.

आता मुद्द्याचं. बाकीच्या बेचाळीस... त्रेचाळीस मॉडांवर मिळून तू चार ओळी लिहिल्यास. पहाटतव्यावर अर्धं पान! अकरांबरोबर चाचणी घेतली म्हणे! आ-थांग, मी अशिक्षित असेन, आंधळी नाही.

कोण आहे हा मुलगा?

मॉडखाली लेखकाचं नाव ‘पावणेचार’ असं आहे. हे काय नाव झालं? तुझ्या कंपनीतला आहे का? लग्न झालंय का? जेवण करता येतं का? दुकानावर मॉड काढतोय म्हणजे येत असेल. पण नाव सांगायला लाजतो म्हणजे एकतर कर्जात असणार किंवा घटस्फोटित. घटस्फोटित चालेल. सत्ताविसाव्या वर्षी निवड फार उरत नाही. तुझ्या बापाने तू सात वर्षांची असताना तुला माझ्या दुकानात आणून बसवलं आणि तो जहाजावर गेला. “दोन महिने सांभाळ, ताई.” वीस वर्षं होतायत, दोन महिने संपले नाहीत. तेव्हा हे विचारायचा हक्क कुणाचा असेल तर माझाच.

मी परत कौल लावला. देव पाचव्यांदा हसला. लियाओला विचारलं, बाबा रे, हा एवढा का हसतोय? तो म्हणाला, देव दोन कारणांनी हसतो. एक, विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. दोन, प्रश्न अर्धवट असतो. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचं नाव, जन्मवेळ आणि पत्ता सांगावा लागतो. ‘पावणेचार’, पत्ता इंटरनेट, असं सांगितल्यावर देव हसेल नाहीतर काय करेल?

मला उत्तर माहीत नाही. म्हणजे प्रश्न अर्धवट आहे.

तेव्हा नाव, जन्मवेळ, पत्ता कळव. जन्मवेळ तुझ्याशी जुळवूनही बघते, एका दगडात दोन पक्षी. आणि चार एप्रिलला पूर्वजांच्या कबरी झाडायला येशीलच, तेव्हा तोंडी सांगितलंस तरी चालेल.

आत्या

जेवले. चौदा ओळींनंतर का होईना, विचारलंस.


शिन्चू
३० मार्च

आत्या,

१. ‘पावणेचार’ हा माझा मित्र नाही. जन्मवेळ जुळवू नये.

२. मॉड बनवणाऱ्यांनी खरी नावं द्यायची नसतात. ती त्यांची खासगी बाब आहे. त्या पानाचा नियमच तसा आहे. मी ती माहिती देऊ शकत नाही.

३. लेखकाला मी ओळखते. आमचं फारसं जमत नाही. पण कामाच्या बाबतीत लेखक विश्वासू आहे एवढं सांगते.

४. कर्ज नाही.

५. नव्या यंत्रांची तपासणी ३ ते ७ एप्रिल चालेल. कबरी झाडायला मला येता येणार नाही. आजोबांना माझ्यातर्फे नमस्कार सांग.

पंधरा टोप्यांमुळे खेळ हळू होईल. तो हळू झाला तर टोप्या काढ.

यू-थांग


हूवेई
८ एप्रिल

आ-थांग,

कबर झाडली. तुझा नमस्कार सांगितला. आजोबा काही बोलले नाहीत, हा स्वभाव कुणाकडून आलाय ते कळलं. आ-श्युंग आला होता, बायकोसकट. गवत मी उपटलं, फोटो त्यांनी काढले. घरी पातळ पोळीत भाज्या आणि शेंगदाण्याची पूड भरून गुंडाळ्या केल्या. माणशी चार धरल्या. मोजल्यावर चार जास्त निघाल्या. दोन दिवस मीच खाल्ल्या.

राग नाही. कामाला कोण काय करणार?

पण मग हात रिकामे होते, म्हणून मी त्या पहाटतव्याचं पान उघडलं आणि त्यातलं चित्र कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठं करून छापून आणलं. भिंग घेऊन बसले. (मोठी अक्षरं नकोत मला. भिंग आहे.)

चित्रात काय आहे ते क्रमाने लिहिते. मलाही येतं.

१. तवा डाव्या हाताला आहे. सोयादुधाचं पातेलं त्याच्याही डावीकडे. या अख्ख्या बेटावर माझ्यासारखी डावखुरी दुकानदारीण असेलही. मी पाहिलेली नाही.

२. तेलाच्या डब्याच्या कडीला लाल फडकं बांधलंय.

३. भिंतीकडच्या स्टुलाला तीन पाय आणि एक वीट आहे.

४. फ्रिजमागे शाळेचं बाक आहे. त्यावर कंपासपेटी आहे. बाकावर कुणी नाही.

५. दुकानदारीण जाडी आहे. यावर मी नंतर बोलणार आहे.

६. तिला तोंडच नाही. टोपीखाली नुसता पांढरा गोळा. उकडलेल्या अंड्यासारखा.

खाली लोकांनी लिहिलंय तेही वाचलं. एक जण म्हणतो, दुकानात शिरलं की ही बाई ओरडते, “बसायचं तर बस, उभं राहायचं तर वाट सोड!” दुसऱ्याने विचारलंय, ओरडणं बंद करायची सोय आहे का? पावणेचार साहेबांनी उत्तर दिलंय, “नाही.” बस, तेवढंच. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढं उत्तर देणारं माणूस मी आयुष्यात एकच वाढवलंय.

आता ऐक. ही गोष्ट मी सांगणार नव्हते. गेल्या वर्षी ३० जूनला, दुकानाच्या शेवटच्या दिवशी, मी दहा वाजता तुझ्या कंपनीत फोन केला. म्हटलं, पोरीला दोन मिनिटं द्या, गल्ली तिला विचारतेय. तिथली मुलगी म्हणाली, “त्या आज रजेवर आहेत.” मी म्हटलं, हो का, बरं. आणि गल्लीला सांगितलं, फार काम आहे तिला, मोठी इंजिनिअर आहे.

नऊ महिने मी हे गिळलंय. तू कुठे होतीस ते मला नको सांगूस. मला वाटलं होतं, तुला तेलाच्या वासाची लाज वाटायची. शाळेत असताना दप्तराला वास येतो म्हणून तू ते रोज बाहेर वाळत घालायचीस. तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

मी तुला काही विचारत नाहीये. देव विचारतोय. नाव, जन्मवेळ, पत्ता.

आत्या


हूवेई
१४ एप्रिल
(पोस्टकार्ड)

पत्र नाही. लियाओ रोज विचारतो, पावणेचारचा पत्ता आला का. मी म्हटलं, तपासणी चालू आहे. टोप्या काढल्या, खेळ जोरात पळतो. मळ्याच्या पायथ्याची जागा अजून रिकामीच आहे. काल तिथे मुख्याध्यापकाला बांधलं होतं, पण ती म्हैस तिथे राहत नाही, ओढून दोर तोडते.


शिन्चू
१७ एप्रिल

आत्या,

उत्तराला नऊ दिवस लागले. चार मसुदे झाले. त्यातले तीन बरोबर होते पण खरे नव्हते.

३० जूनला मी रजेवर होते. सकाळच्या गाडीने निघाले आणि ८ वाजून ५२ मिनिटांनी आपल्या स्टेशनवर उतरले. बाहेरच्या दारापाशी टॅक्सीच्या रांगेसमोर बाक आहे, तिथे बसले. तुझं दुकान अकराला बंद व्हायचं होतं. टॅक्सीने बारा मिनिटं लागतात. माझ्याकडे दोन तास होते. ११ वाजून १५ मिनिटांच्या गाडीने मी परत गेले.

कारण सांगायचा प्रयत्न करते. मी आत आले असते तर तू बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारतेस तसं मलाही विचारलं असतंस, “काय देऊ?” शेवटचं काय मागायचं ते मला बाकावर बसून ठरवता आलं नाही. अंडा-पोळी म्हटलं असतं तर मुळ्याच्या वड्या राहिल्या असत्या. हे कारण मूर्खपणाचं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. उठता मात्र आलं नाही.

वासाची लाज वाटायची. अकरा वर्षांची होईपर्यंत. ते खरं आहे. त्यानंतर दप्तर बाहेर घालत होते ते सवयीने.

परतीच्या गाडीत मी वहीवर मापं काढायला लागले. तवा नव्वद सेंटिमीटर. तव्यापासून पातेलं एक हात. फ्रिजमागच्या बाकावरून तुझी पाठ दिसायची, त्यामुळे समोरून दुकान कसं दिसतं ते मला नीट आठवेना. गिऱ्हाइकांच्या बाजूला मी क्वचितच उभी राहिले होते. सात महिने लागले. जाडीबद्दल: ते माप मी बाकावर बसलेल्या मुलाच्या उंचीवरून काढलं. तिथून तू तेवढीच दिसायचीस.

तोंड मला जमलं नाही. चौदा वेळा केलं. ते हसत होतं, दमलेलं होतं, एकदा बरंच सुंदरही झालं होतं. कुठलंच ओरडेल असं वाटेना. म्हणून पुसून टाकलं.

ही भेट होती. ती तुला खेळता खेळता सापडावी आणि मी काही बोलायची गरज पडू नये, अशी माझी योजना होती. तू मला ओळखतेस हे मी हिशोबात धरलं नव्हतं. देव पाच वेळा हसला, त्याबद्दल लियाओ म्हणाला ते बरोबर असावं. फक्त कोणतं कारण पहिल्यापासून लागू होतं, ते तू मला खरं सांगितलंस का, अशी मला शंका आहे.

देवाला लागणारी माहिती:

नाव: श्याओ यू-थांग.

जन्मवेळ: उंदराचं वर्ष, आठवा चांद्रमास, एकोणिसावी तिथी, सकाळी सात ते नऊच्या प्रहरी. तू नेहमी म्हणतेस, ऐन गर्दीच्या वेळी.

पत्ता: साखर कारखान्यामागची गल्ली, घर क्रमांक सतरा, हूवेई. हा तुझाच पत्ता आहे. कुटुंबनोंदीत माझं नाव अजून तुझ्याच घरात आहे. शिन्चूत नोंद हलवायला वीस मिनिटं लागतात. नऊ वर्षांत मी ती काढली नाहीत.

कौल एकदाच लाव. निसटलेली टाक धर. ‘नाही’ आलं तर पहाटतवा बसवू नकोस. मी पुन्हा सुचवणार नाही. ‘हो’ आलं तर आधी ‘मोठी अक्षरं’ बसव, कारण दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बारीक झाली आहेत आणि भिंग लावलं तरी पडद्यावर ती वाचता येणार नाहीत. पाटीवर तुझंच नाव आहे.

तोंडासाठी मला तुझा एक फोटो लागेल, समोरून काढलेला. ओरडत असतानाचा हवा. आ-श्युंगला काढायला सांग, तो समोर असला की तू आपोआप ओरडतेस. की तो काढायला मीच यावं, ते तू ठरव. मी रजा टाकून ठेवली आहे. या वेळी शिक्का मारलेली प्रत पत्रासोबत जोडली आहे.

काय मागायचं ते ठरलं आहे. दोन्ही.

कौल काय आला आणि मी यावं की नाही, या दोन्हींचं उत्तर रविवार, २८ एप्रिलपर्यंत कळव.

यू-थांग